जिथे ताकद चालत नाही

पिझ्झा पोचवायला उशीर होतो आणि नोकरी जाते. सॅम रायमीच्या 'स्पायडर-मॅन २' (२००४) या सिनेमातला पहिला मोठा प्रसंग हा आहे. ४२ ब्लॉकचं अंतर, हातात साडेसात मिनिटं. मोपेडवरून ते जमणार नाही हे दिसल्यावर पीटर पार्कर तो लाल-निळा पोशाख चढवतो आणि न्यूयॉर्कच्या इमारतींमधून झोके घेत निघतो. वाटेत ट्रकसमोर आलेल्या दोन मुलांना वाचवतो. शेवटी ज्या ऑफिसात पिझ्झा द्यायचा, तिथल्या झाडू ठेवायच्या कोठीतून कसाबसा बाहेर पडतो. मागून झाडू घसरून पडतात, तो ते आत ढकलतो, ते पुन्हा पडतात. रायमी हा क्षण मुद्दाम लांबवतो. आणि एवढं सगळं करूनही उशीर झालेलाच असतो. समोरची बाई पैसे देत नाही. दुकानाचे मालक मिस्टर अझीझ (ही भूमिका करणारा आसिफ मांडवी जन्माने मुंबईचा) त्याला कामावरून काढून टाकतात.

सुपरहिरोंच्या सिनेमांवर माझं प्रेम आहे ते या झाडूंमुळे. भिंतीवर चढता येतं, गाडी उचलता येते, याचं अप्रूप पहिल्या दहा मिनिटांत ओसरतं. पुढचे दोन तास प्रेक्षकाला धरून ठेवायचं, तर ही ताकद कुठे कामाला येत नाही, हे लेखक-दिग्दर्शकाला पक्कं ठाऊक असावं लागतं. भुतापिशाच्चांच्या आणि जादूटोण्याच्या मालिकांनाही हीच कसोटी लागते. या प्रकाराला पोरखेळ म्हणून बाजूला सारणारे वाचक बरेच आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा दोन कलाकृती त्यांच्यासमोर सावकाश उलगडाव्यात असं मला वाटतं. एक हा सिनेमा आणि दुसरी 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' ही अमेरिकी मालिका, त्यातही तिचा एकच भाग.

सुपरहिरो आणि भयकथा या दोन्ही घरांचं एकमेकांकडे येणं-जाणं जुनं आहे. रायमीने नाव कमावलं ते 'द ईव्हिल डेड' (१९८१) या भयपटातून. 'बफी'चा निर्माता जॉस व्हेडन याने पिशाच्चांची मालिका आधी केली आणि 'द अ‍ॅव्हेंजर्स' (२०१२) नंतर. 'स्पायडर-मॅन २'मधल्या खलनायकाच्या, डॉक्टर ऑक्टेव्हियसच्या, पाठीला चिकटलेले लोखंडी बाहू कापून काढायला शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टर सरसावतात आणि ते बाहूच उलट त्यांच्यावर तुटून पडतात, तो प्रसंग आठवून पाहा. किंकाळ्या, भिंतीवरच्या सावल्या, जमिनीवर ओरबाडत जाणारी नखं. सुपरहिरोच्या सिनेमात मध्येच तीन मिनिटांचा अस्सल भयपट येऊन जातो.

'स्पायडर-मॅन २'ची मूळ कल्पना जुनी आहे. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ मध्ये हा नायक निर्माण केला आणि १९६७ साली कॉमिकच्या ५०व्या अंकात त्याने आपला पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकून दिला. सिनेमाने ते चित्र जवळपास जसंच्या तसं घेतलंय. पण त्याच्या आधी आणि नंतर जे रचलंय, ते सिनेमाचं स्वतःचं आहे. पटकथा आल्विन सार्जंटची. हा माणूस मुळात घरगुती नात्यांचा लेखक. १९८० सालच्या 'ऑर्डिनरी पीपल' या सिनेमाच्या पटकथेसाठी त्याला ऑस्कर मिळालं होतं. मोठा मुलगा गमावलेल्या एका कुटुंबाची ती गोष्ट. अशा लेखकाच्या हाती स्पायडर-मॅन आला, की तो पहिल्यांदा घरभाड्याचा विचार करतो.

आणि खरोखरच या सिनेमात पैसा सतत आहे. भाडं थकलंय, घरमालक दारात उभा आहे. पीटरच्या मे काकूंच्या घराचे हप्ते तुंबलेत, बँक मागे लागली आहे. पीटरच्या वाढदिवसाच्या रात्री सगळे पांगल्यावर मे काकू त्याच्या हातात वीस डॉलर ठेवतात. तो नको म्हणतो. काकूंना स्वतःलाच पैशांची किती ओढ आहे, हे त्याला ठाऊक आहे. त्यावर ही एरवी मऊ बोलणारी म्हातारी एकदम आवाज चढवते, घे म्हणून त्याच्यावर ओरडते आणि लगेच स्वतःच रडू लागते. रोझमेरी हॅरिस यांनी हा क्षण असा केलाय, की नोट घेणं हे त्या घरातलं सगळ्यांत अवघड काम वाटावं. शहरातला सगळ्यांत बलवान मुलगा तिथे मान खाली घालून उभा आहे. देणाऱ्याचा मान राखायचा तर घ्यावंच लागतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही घरात वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मग ताकद जाऊ लागते. कारण कुणी सांगत नाही, विषारी औषध नाही, शाप नाही. जाळं सुटत नाही, बोटं भिंतीला चिकटत नाहीत, दूरचं नीट दिसत नाही. एकदा तर उंच इमारतीच्या गच्चीवरून त्याला पोशाखासकट लिफ्टने खाली यावं लागतं. लिफ्टमधला अनोळखी माणूस पोशाखाची चौकशी करतो, हा तो जरा टोचतो म्हणून सांगतो. कॅमेरा हलत नाही, संवाद अवघडलेला राहतो. प्रेक्षागृहात इथे हशा येतो, पण त्या हशाखाली एक दमलेला मुलगा आहे, आणि पीटर झालेल्या टोबी मॅग्वायरचा अभिनय त्याला झाकू देत नाही.

पोशाख टाकून दिल्यानंतर एका जळत्या इमारतीपाशी तो येतो. आत लहान मूल अडकलंय. आता अंगात काही नाही, तरी तो शिरतो. मुलगी सापडते, पण जमीन खचते आणि तोच लटकतो. त्याला वर यायला ती एवढीशी मुलगी हात देते. बाहेर आल्यावर सुटका झाल्यासारखं वाटत असतानाच अग्निशामक दलाच्या जवानाचं बोलणं कानावर येतं: चौथ्या मजल्यावर कुणीतरी अडकलं होतं, ते वाचलं नाही. पीटरचा चेहरा तेवढ्यात पडतो. ताकद असती तर तो माणूस वाचला असता का, हा प्रश्न सिनेमा शब्दांत मांडत नाही. मला या प्रसंगातलं ते हात देणं फार मोलाचं वाटतं, कारण पुढे आगगाडीत जे होणार आहे त्याची पेरणी इथे झालेली असते.

आगगाडीचा प्रसंग सगळ्यांना आठवतो. त्यातल्या करामतींबद्दल खूप बोललं गेलंय आणि सिनेमाला दृश्यपरिणामांचं ऑस्करही मिळालं. (न्यूयॉर्कच्या त्या भागात अशी उन्नत रेल्वे नाही. या चित्रणासाठी शिकागोच्या रुळांचा उपयोग केला होता.) ऑक्टेव्हियस गाडीचं नियंत्रण मोडून निघून जातो. पुढे रूळ संपतात. पीटर आधी पाय रोवून गाडी थांबवायला बघतो, ते जमत नाही. मग दोन्ही बाजूंच्या इमारतींवर जाळी फेकत राहतो, दोन्ही हातांनी धरतो आणि छाती पुढे काढून ताण सोसतो. पोशाख उसवतो. मुखवटा त्याने आधीच काढलेला आहे. त्यामुळे तो ताण आपल्याला उघड्या चेहऱ्यावर दिसतो: ताणलेला जबडा, फुटेल असं वाटणारी शीर. मुखवटा असता तर हे सगळं संगणकाचं काम राहिलं असतं.

गाडी थांबते आणि तो बेशुद्ध होऊन पुढे कलतो. खाली पडणार, तेवढ्यात फुटक्या काचेतून हात येतात आणि त्याला धरतात. पंधरा-वीस माणसं त्याला डोक्यावरून पुढे पुढे देतात. त्याचे हात पसरलेले आहेत आणि क्रुसावरच्या ख्रिस्ताची आठवण अनेकांना झाली आहे. ती चुकीची नाही. पण मी पुनःपुन्हा बघतो ते खालचे हात. वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या रंगाचे, कुणाच्या मनगटावर घड्याळ, कुणाची बाही मळलेली. शक्तीचं सगळं प्रदर्शन मागच्या क्षणी आटपलं आहे. आता एक माणूस वाहून न्यायचा एवढंच काम आहे आणि ते या लोकांना येतं. त्याला जमिनीवर ठेवल्यावर कुणीतरी म्हणतं, हा तर पोरगाच आहे, माझ्या मुलाच्या वयाचा. दोन मुलं त्याचा मुखवटा आणून देतात आणि कुणाला सांगणार नाही म्हणतात.

पुढचं अर्धं मिनिट मात्र बहुतेकांच्या आठवणीतून निसटतं. ऑक्टेव्हियस परत येतो. डब्यातली माणसं एकेक करून त्याच्यासमोर उभी राहतात: आधी आम्हाला ओलांड. आणि तो त्यांना ओलांडतोच. लोखंडी बाहूंनी सगळ्यांना दोन्ही बाजूंना ढकलतो आणि पीटरला घेऊन जातो. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने इथे लोकांना जिंकू दिलं असतं, टाळ्या मिळाल्या असत्या. रायमीने त्यांना हरवलं, म्हणून त्यांचं उभं राहणं खरं वाटतं.

आता 'बफी'. १९९७ ते २००३ या काळात सात सीझन आणि १४४ भाग चाललेली ही मालिका. सनीडेल नावाच्या काल्पनिक गावात नरकाचं तोंड उघडतं आणि पिशाच्चांचा नायनाट करायचं काम बफी समर्स नावाच्या एका शाळकरी मुलीच्या वाट्याला येतं. पहिल्या सीझनमधली पिशाच्चं स्वस्तातली दिसतात, मुखवट्यांच्या कडा कळतात. पण लेखनाला धार आहे. पहिल्या तीन वर्षांत प्रत्येक राक्षस म्हणजे वयात येण्यातला एखादा त्रास असतो. पाचव्या सीझनच्या १६व्या भागात ही पद्धत मालिका स्वतःच थांबवते. २७ फेब्रुवारी २००१ रोजी दाखवलेल्या या भागाचं नाव 'द बॉडी'. लेखन-दिग्दर्शन व्हेडनचं.

बफी घरी येते. कुणीतरी आईला पाठवलेली फुलं दाराशी आहेत, ती त्यावरून चेष्टेच्या सुरात आईला हाक मारते. आई सोफ्यावर पडलेली आहे, डोळे उघडे. बफी पुन्हा हाक मारते, आणि तिसऱ्या वेळी तिच्या तोंडून लहान मुलीची हाक निघते. आईच्या, म्हणजे जॉइसच्या, मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन आधीच होऊन गेलेलं, ती बरीही झाली होती. आता मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. कुठलाही राक्षस यात नाही. व्हेडनची स्वतःची आई अशाच कारणाने गेली होती.

या भागात पार्श्वसंगीत अजिबात नाही. त्याचं महत्त्व कळायला त्याच दिग्दर्शकाचा १९९९ मधला 'हश' हा भाग आठवावा. तिथे सगळ्या गावाचा आवाज चोरीला जातो, अर्धा तासभर कुणी बोलत नाही आणि ख्रिस्तोफ बेकचं संगीत प्रसंग सावरून नेतं. इथे बोलणं आहे, पण रडायचं केव्हा हे सांगणारं काहीच नाही. बफी ओकते, त्या जागेवर कागदी रुमाल टाकते आणि मागचं दार उघडते. बाहेर वाऱ्यावर झुलणाऱ्या घंटा वाजताहेत, मुलं खेळताहेत, कुठेतरी कुणी वाद्य वाजवण्याचा सराव करतंय. रोजची दुपार. हे ध्वनी आपण एरवी ऐकले नसते, संगीत काढून टाकल्यामुळेच ते कानावर येतात.

पहिला अंक बराचसा एका लांब, हातात धरलेल्या कॅमेऱ्याच्या शॉटमध्ये आहे. बफी फोन करते, आईच्या छातीवर दाब देते, बरगडी मोडल्याचा आवाज येतो. पिशाच्चांच्या छातीत लाकडी खुंटी घालणारे ते हात. आईला वाचवायला गेल्यावर त्याच हातांची ताकद जास्त होते. मी या क्षणाला संपूर्ण मालिकेचं केंद्र मानतो. नंतर मदतीचे लोक यायच्या आत ती आईचा वर सरकलेला स्कर्ट खाली ओढून नीट करते. एक शब्द नाही. बफीचा मार्गदर्शक जाईल्स आल्यावर तो जॉइसकडे धावतो आणि बफी ओरडते, बॉडी हलवायची नाही म्हणून. हे म्हटल्यावर तिची तीच दचकते. मघाशी फोनवरच्या बाईने 'बॉडी' म्हटलं होतं, तेव्हा हिने आईच म्हटलं होतं.

धाकट्या बहिणीला, डॉनला, शाळेत जाऊन सांगायचं आहे. चित्रकलेच्या तासाला वस्तू न काढता तिच्याभोवतीची मोकळी जागा काढायला सांगितलंय. बफी तिला वर्गाबाहेर नेते आणि कॅमेरा आतच, बाकीच्या मुलांबरोबर राहतो. काचेपलीकडे ओठ हलतात, आपल्याला काही ऐकू येत नाही, आणि मग डॉन कोसळते. आईच्या मृत्यूची बातमी आपण दुरून, परक्यांच्या घोळक्यात उभं राहून पाहतो, आणि त्यानंतर कॅमेरा डॉनच्या अर्धवट चित्राकडे वळतो.

बफीच्या मैत्रिणीच्या, विलोच्या, खोलीतला तिसरा अंक सगळ्यांत छोट्या गोष्टींचा आहे. विलोला कुठले कपडे घालावे ते ठरवता येत नाही. ही पुढे जग हादरवू शकेल एवढी जादूगार, आणि शर्टापुढे हतबल. त्यांचा मित्र झँडर भिंतीवर मूठ मारतो आणि हात अडकून बसतो. आणि अन्या. हजार वर्षांहून अधिक काळ सूडदेवता म्हणून जगलेली, अलीकडेच माणूस झालेली, सगळ्यांना नकोसे वाटतील असे प्रश्न विचारणारी. विलो तिच्यावर चिडते तेव्हा ती रडत सांगते, की मला हे कळतच नाही: जॉइस त्या शरीरात परत का जात नाही, ती पुन्हा कधी सरबत पिणार नाही, अंडी खाणार नाही, जांभई देणार नाही, केस विंचरणार नाही. एमा कॉलफिल्डने हे अजिबात गोड न करता म्हटलंय. ज्या व्यक्तीने असंख्य माणसं मारली, तिला मरण म्हणजे काय हे आज पहिल्यांदा समजतंय. शोकाविषयी मालिकांत जे काही लिहिलं गेलंय, त्यात हे स्वगत मी सर्वांत वर ठेवतो.

अगदी शेवटी शवागारात एक पिशाच्च उठतं. काहींना ही तडजोड वाटते, मालिकेचं नाव सांभाळण्यासाठी घातलेली. मला ती गरजेची वाटते. झटापट संगीताशिवाय आहे, ओंगळ आहे, त्यात वीरश्री मुळीच नाही. बफी जिंकते आणि जिंकून काही हाती लागत नाही. झटापटीत जॉइसवरची चादर सरकलेली असते. ही आता आई नाही, ती गेली, असं बफी सांगते. डॉन विचारते, कुठे गेली? आणि आईच्या गालाकडे हात नेते. बोटं टेकायच्या आधी पडदा काळा होतो. उत्तर नाही.

पुढच्याच 'फॉरएव्हर' या भागात डॉन मंत्राने आईला परत आणायचा घाट घालते. खिडकीच्या पडद्यापलीकडून एक सावली जाते, दारावर थाप पडते, आणि आतापर्यंत घट्ट राहिलेली बफी आशेने दाराकडे धावते. तेव्हा डॉन आईचा फोटो फाडून मंत्र मोडते. दार उघडतं, बाहेर कुणी नाही. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सच्या 'द मंकीज पॉ' या १९०२ च्या कथेची सावली इथे स्पष्ट आहे. मेलेल्यांना उठवता येणाऱ्या जगात हे करणं धाडसाचं होतं, आणि नैसर्गिक मरण उलटवता येत नाही हा आपला नियम मालिकेने मोडला नाही. सीझनच्या शेवटी बफी स्वतः मरते आणि पुढच्या वर्षी परत येते, कारण तिचं मरण गूढशक्तीमुळे आलेलं. आई परत येत नाही.

हा नियम सांभाळला जात नाही, तिथे माझं मन उडतं. 'अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर' (२०१८) मध्ये खलनायक थॅनोस चुटकी वाजवून अर्धी सृष्टी नाहीशी करतो आणि पीटर पार्करची राख होते तेव्हा प्रेक्षागृहात शांतता पसरते. पण तो आकांत दुसऱ्या चुटकीने पुसता येतो आणि 'एंडगेम'मध्ये (२०१९) पुसलाही जातो. त्यानंतरच्या सिनेमांत समांतर विश्वांमधून माणसं बदलून आणता येऊ लागली. कुणी मेलं तर त्याचीच दुसरी आवृत्ती हजर. अशा गोष्टीत मे काकूंच्या वीस डॉलरना काय किंमत उरणार? दृश्यं मोठी झाली, पण पणाला लागलेलं काही उरलं नाही.

व्हेडनबद्दल एक सांगायलाच हवं. 'बफी'त काम केलेल्या करिश्मा कार्पेंटर यांनी २०२१ मध्ये त्याच्या सेटवरच्या क्रूर वागणुकीबद्दल जाहीरपणे लिहिलं आणि बफीची भूमिका करणाऱ्या सारा मिशेल गेलर यांनी त्यांना पाठिंबा दिला. तेव्हापासून 'द बॉडी' पाहताना मी दिग्दर्शकाचं नाव मागे टाकतो आणि गेलर, कॉलफिल्ड, डॉन झालेली मिशेल ट्रॅक्टनबर्ग आणि सोफ्यावर डोळे उघडे ठेवून पडून राहिलेल्या क्रिस्टीन सदरलँड यांचं काम बघतो. ट्रॅक्टनबर्ग २०२५ मध्ये, अवघ्या ३९व्या वर्षी गेली.

ज्यांनी यातलं काही पाहिलेलं नाही, त्यांना एक विनंती. 'स्पायडर-मॅन २' बघायचा तर आधी २००२ चा पहिला सिनेमा पाहून घ्या, पीटरच्या बेन काकांचं मरण त्यात आहे. आणि 'द बॉडी' सुटा काढून बघू नका. निदान पाचवा सीझन पहिल्या भागापासून लावा. एकूण २२ भाग आहेत. जॉइसला सोळाव्या भागापर्यंत स्वयंपाकघरात वावरताना, मुलींवर रागावताना, आजारातून उठताना बघितलं असेल, तरच तिचं सोफ्यावर पडलेलं असणं तुमच्यापर्यंत पोचेल.